फंडाचे पैसे

आमच्या करी रोडला "निवृत्तीचं नियोजन" असले शब्द कुणी वापरत नसे. शब्द एकच, फंड! पोराची फी, पोरीचं लग्न, गावच्या घराची कौलं... सगळ्याला "बघू, फंडातून काढू" हे ठरलेलं उत्तर.

हा फंड तसा उशिराच आला. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली आणि भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला १९५२ साली. तो लागू झालेल्या पहिल्या सहा उद्योगांत कापडगिरण्या होत्या. पगारातून सव्वासहा टक्के कामगाराचे, तेवढेच मालकाचे. त्याआधीची जवळजवळ शंभर वर्षं म्हातारपणाची सोय म्हणजे गाव. कोकणातला नाहीतर घाटावरचा गडी इथे दहाजणांच्या खोलीत पथारी टाकायचा, खानावळीत जेवायचा आणि गावी मनीऑर्डर करायचा. हात थकले की परत जायचं.

फंड आल्यावरही हिशेब तोच राहिला. घर, लग्न, आजारपण यांसाठी पैसे काढायची सोय नियमांतच होती. म्हातारपणाचा पैसा लग्नात उडवला म्हणून शिकलेली माणसं नाक मुरडतात. मला ते पटत नाही. फंड एकरकमी मिळे, महिन्याच्या महिन्याला नव्हे. म्हातारपणी रोजची भाकरी घालणार ती मुलं आणि गावचं घर. मग पैसा तिथेच घातला तर काय चुकलं? शिवाय ठरवणारा एकटा नसे. गावी थोरला भाऊ, इथे बायको. (तिची भिशी वेगळी, तिचा आकडा नवऱ्याला कधीच पुरता कळला नाही!)

मग १८ जानेवारी १९८२. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. दागिने गेले, भांडी गेली, कितीतरी जण गावी गेले ते गेलेच. नोकरी सुटल्यावर जो फंड हाती आला, त्यातला बराचसा उधारीतच फिटला. पेन्शन योजना आली १६ नोव्हेंबर १९९५ ला. संपात नोकरी गेलेल्यांना तिचा काय उपयोग?

उरली ती पगडीची खोली. बचत म्हणून तिची नोंद कुठल्याही पासबुकात नव्हती. १९४७ च्या भाडे कायद्याने पगडी गुन्हा होती, १९९९ च्या कायद्याने ती मान्य झाली. गिरण्या बंद होत गेल्या तसा घरोघरी एकच वाद, खोली विकून विरार-डोंबिवलीला जायचं, की दाटीवाटीने इथेच राहायचं? आमच्या चाळीत तरी "खोली विकायची नाही" म्हणून अडून बसली ती बहुतेक घरांत बायकोच.