गाण्याला इतिहासाची जोड

गवयाला कॉलेज कशाला, असे आमच्या कामठीत अजूनही ऐकू येते. अशा वेळी मला कै. भातखंडे आठवतात. ते १८८५ साली बी. ए. आणि १८८७ साली एल्‌एल्. बी. झाले. वकील जसा पुरावा ताडून पाहतो, तशा उस्तादांच्या चिजा त्यांनी संस्कृत ग्रंथांशी ताडून पाहिल्या आणि रागांची दहा थाटांत मांडणी केली. त्यांचे शिष्य रातंजनकर पुढे खैरागडच्या संगीत विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ते विद्यापीठ १४ ऑक्टोबर १९५६ रोजी स्थापन झाले, तेव्हा कामठीही मध्य प्रदेशातच होती. अठरा दिवसांनी आम्ही मुंबई राज्यात आलो, आणि घरचे विद्यापीठ परराज्यातले झाले!

आता २०२० च्या शैक्षणिक धोरणाने संगीताला दुसऱ्या शाखेचा विषय जोडण्याची वाट मोकळी केली आहे. माझ्या पुतणीला गाणेही हवे आणि इतिहासही. तिला मी एवढेच सांगितले : “बाई, आधी रियाजाचे तास राखून ठेव, मग उरलेल्या वेळात मावतील तेवढेच विषय घे. पण इतिहास मात्र सोडू नकोस.”