सोन्याआधी दोरा

1860चा नोव्हेंबर. लंडनच्या एका बांधणी कारखान्यात तुम्ही उभे आहात. सरसाचा उग्र वास, गॅसचे दिवे, लांबलचक टेबलांशी ओळीनं बसलेल्या बायका. कुणी छापील ताव दुमडून फर्मे करतेय, कुणी ते शिवतेय. नाताळ तोंडावर आलाय आणि भेट द्यायची कवितेची पुस्तकं दुकानात जायची आहेत. आत मात्र साल छापलंय 1861. नव्या वर्षातही माल शिळा दिसायला नको.

पुढे या. हिरव्या कापडाचा पुठ्ठा अजून पुस्तकाला चढलेला नाही. त्यावर अंड्याचा पांढरा भाग लावून वाळवलाय. एक मुलगी सोन्याचा वर्ख अंथरते. तुम्ही जोरात श्वास सोडू नका, वर्ख उडेल. तापलेला पितळी ठसा दाबला जातो आणि वेली, पक्षी, वीणा उमटतात. जादा वर्ख पुसलेली चिंधीसुद्धा इथे जपून ठेवतात, कारण त्यातलं सोनं परत मिळतं. नक्षीच्या कोपऱ्यात बारीक 'जे. एल.' दिसतंय? नक्षीकार जॉन लेटन. मुलीचं नाव कुठेच नाही.

पलीकडच्या टेबलावर तर सुईदोराच नाही. जाड सचित्र पुस्तकांची सुटी पानं पाठीकडून रबराच्या द्रावणानं चिकटवतात. विल्यम हॅन्कॉकचं 1836चं पेटंट. काम झटपट होतं, पुस्तकही सपाट उघडतं.

 

आता थेट आजच्या बंगळूरात, जयनगरच्या चौथ्या ब्लॉकमध्ये या. हे नगर वसायला लागलं 1948मध्ये; तुमच्या हातात त्या दोन टेबलांवरची एकेक अशी दोन पुस्तकं आहेत, नगरापेक्षा कितीतरी थोरली. त्या काळच्या झगझगीत हिरव्या कापडात आर्सेनिक असू शकतं, म्हणून हातमोजे घाला. पहिलं उघडताच पानं मांडीवर ओघळतात. रबराचा भुगा झालाय, वरचं सोनं मात्र लखलखतंय. दुसरं बिनतक्रार उघडतं.

पहिल्याला रेक्झिनची नवी बांधणी करू नका. जमवण्याजोगा तो पुठ्ठाच हातचा जाईल. सुटी पानं त्यातच ठेवून वर सुती फीत बांधा. आणि पुढच्या खरेदीला नक्षीवर भाळण्याआधी पुस्तक फर्म्याच्या मधोमध उघडून दोरा शोधा. लेटनची सही पुठ्ठ्यावर सापडेल, त्या बायकांची या दोऱ्यातच.