बायोमॉडेल्स
बायोमॉडेल्स : पेशींतील जैवरासायनिक प्रक्रियांची गणिती प्रतिमाने जतन करून ती आंतरजालाद्वारे सर्वांस विनामूल्य उपलब्ध करून देणारे भांडार. इंग्लंडमधील केंब्रिजनजीक हिंक्स्टन येथील यूरोपीय जैवमाहितीविज्ञान संस्थेच्या विद्यमाने ते २००५ मध्ये सुरू झाले. एसबीएमएल या सामाईक संगणकीय भाषेत लिहिलेले प्रतिमान निरनिराळ्या प्रणालींत चालविता येते. मात्र तेवढ्याने त्याची दप्तरी पक्की नोंद होत नाही, तर मूळ शोधनिबंधातील फलिते त्यातून पुन्हा निघतात की नाही, याची तज्ज्ञ शहानिशा करतात आणि त्यातील घटकांस प्रमाण जैविक संज्ञांशी जोडून त्यास कायमचा क्रमांक देतात. या जोडणीमुळेच प्रथिनाच्या वा रोगाच्या नावावरून शोध घेणाऱ्या अभ्यासकास अनुरूप प्रतिमान सापडते आणि समीकरणे नव्याने मांडण्याचे श्रम वाचून, त्यातच फेरफार करून पुढील सदृशीकरण साधता येते.