गोल्डफिंगर, एर्नो

(११ सप्टेंबर १९०२ – १५ नोव्हेंबर १९८७). हंगेरीत जन्मलेले ब्रिटिश आधुनिकतावादी वास्तुविशारद. लंडनमधील बॅलफ्रॉन टॉवर आणि ट्रेलिक टॉवर या सार्वजनिक गृहनिर्माणातील उत्तुंग इमारतींसाठी विशेष प्रसिद्ध. भाड्याच्या सरकारी घरात राहणाऱ्या कुटुंबालाही भरपूर उजेड, मोकळी हवा, शांतता आणि नीट विचार करून आखलेली खोली मिळाली पाहिजे, हा आग्रह त्यांनी पन्नास वर्षांच्या कामात सोडला नाही.

जन्म बूडापेस्ट येथे एका ज्यू कुटुंबात. जंगले व लाकूड कापण्याच्या गिरण्या हा घरचा व्यवसाय. सुरुवातीला त्यांचा कल अभियांत्रिकीकडे होता. हेरमान मुथेसियस यांचा इंग्लंडमधील घरांविषयीचा जर्मन ग्रंथ वाचल्यावर ते वास्तुकलेकडे वळले. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य कोसळले, तेव्हा कुटुंबाने बूडापेस्ट सोडले. विशीच्या उंबरठ्यावर असलेले एर्नो पॅरिसला आले आणि तेथील ‘एकोल दे बोझार’ या कलासंस्थेत दाखल झाले. तेथील जुन्या वळणाच्या शिक्षणाला कंटाळलेल्या काही विद्यार्थ्यांनी १९२५ च्या सुमारास ओग्यूस्त पेरे यांना शिकवण्याची गळ घातली. त्यांत गोल्डफिंगर पुढे होते. सलोह काँक्रीटच्या सांगाड्याला वास्तुकलेची प्रतिष्ठा मिळवून देणारे पेरे हेच त्यांचे खरे गुरू. इमारतीचे वजन कोणत्या खांबावर आणि कोणत्या तुळईवर आहे, हे पाहणाऱ्याला बाहेरूनच कळले पाहिजे, ही पेरे यांची शिकवण त्यांनी अखेरपर्यंत पाळली. ल कॉर्ब्यूझिए आणि आडोल्फ लोस यांच्या विचारांचाही त्यांच्यावर प्रभाव पडला. आधुनिक वास्तुकलेच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या (सीआयएएम) १९३३ च्या अथेन्स अधिवेशनात ते सहभागी झाले होते.

अर्सुला ब्लॅकवेल या इंग्रज चित्रकर्तीशी १९३३ मध्ये त्यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी दोघे लंडनला स्थायिक झाले. इंग्लंडमध्ये तेव्हा आधुनिक वास्तुकलेला गिऱ्हाईक कमी होते. पहिली काही वर्षे दुकाने, लाकडी फर्निचर, खेळणी आणि प्रदर्शनांची मांडणी अशा लहान कामांवर निघाली. पॉल व मार्जरी ॲबट यांच्या खेळण्यांच्या दुकानाची त्यांनी केलेली रचना या काळातली.

विलो रोड : हॅम्पस्टेड भागातील विलो रोडवर त्यांनी १९३९ मध्ये एकमेकांना लागून तीन घरे बांधली. मधले, क्रमांक दोनचे, घर स्वतःच्या कुटुंबासाठी होते. जुनी बैठी घरे पाडून आधुनिक घरे उभी राहणार म्हणून शेजाऱ्यांनी विरोध केला. प्रत्यक्षात सांगाडा काँक्रीटचा असला तरी बाहेरच्या भिंती विटांच्या आहेत आणि परिसरातील जुन्या घरांच्या रांगेशी त्यांचा मेळ बसतो. घराच्या मध्यभागी ओव्ह अरुप यांच्या अभियांत्रिकी साहाय्याने उभारलेला गोल जिना आहे. त्यामुळे पुढच्या आणि मागच्या बाजूच्या खोल्या मोकळ्या राहिल्या असून दोन्हीकडून उजेड येतो. सरकत्या पडद्यांनी खोल्या जोडता किंवा वेगळ्या करता येतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सोव्हिएत रशियाच्या मदतीसाठी याच घरात कलाप्रदर्शन भरले होते.

लेखन व विचार : १९४१–४२ मध्ये ‘आर्किटेक्चरल रिव्ह्यू’ या मासिकात त्यांनी अवकाशाच्या जाणिवेवर लेखमाला लिहिली. चित्र आपण समोरून पाहतो, पण वास्तूच्या आत आपण वावरतो. भिंत, छत आणि उघडीप यांचा परिणाम नकळत मनावर होत असतो, हे तिचे सूत्र. लंडनच्या पुनर्रचनेचा आराखडा सामान्य वाचकाला समजावून सांगणारे छोटे पुस्तक त्यांनी ई. जे. कार्टर यांच्यासमवेत १९४५ मध्ये लिहिले. प्रमाणबद्धता त्यांच्या दृष्टीने हिशेबाची बाब होती. २ फूट ९ इंच हे एकक धरून ते खिडकी, खोली आणि दर्शनी भागाची मापे ठरवत.

युद्धोत्तर कामे : बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झालेल्या लंडनला घरे, शाळा आणि कार्यालये तातडीने हवी होती. गोल्डफिंगर यांनी पटनी व शेफर्ड्स बुश येथे कारखान्यात तयार केलेल्या काँक्रीटच्या भागांची जुळणी करून प्राथमिक शाळा बांधल्या. एलिफंट अँड कॅसल येथील ‘अलेक्झांडर फ्लेमिंग हाऊस’ हा कार्यालयीन इमारतींचा समूह (१९५९ पासून पुढे) हे त्यांचे मोठे काम. ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाचे कार्यालय येथे होते. पुढे त्याचे सदनिकांमध्ये रूपांतर झाले आणि २०१३ मध्ये त्याला वारसा वास्तूचा दर्जा मिळाला.

बॅलफ्रॉन टॉवर : पूर्व लंडनमधील पॉप्लर येथील ही २६ मजली इमारत १९६५–६७ दरम्यान बांधली गेली. उंची ८४ मीटर, घरे १४६. लिफ्ट, जिने आणि कचऱ्याची नळी राहत्या इमारतीत न ठेवता शेजारच्या वेगळ्या, निमुळत्या मनोऱ्यात ठेवली आणि दोन्ही मनोरे पुलांनी जोडले. लिफ्टचा खडखडाट त्यामुळे घरापर्यंत पोहोचत नाही. पूल प्रत्येक मजल्यावर नाहीत. दर तिसऱ्या मजल्यावर एक बंदिस्त गॅलरी आहे. त्या गॅलरीतून काही घरांत सरळ प्रवेश होतो, तर काहींना आतल्या जिन्याने एक मजला वर किंवा खाली जावे लागते. तीन मजल्यांची वर्दळ एका गॅलरीत येत असल्याने शेजारी एकमेकांना भेटतात. चाळीच्या गॅलरीत वाढलेल्या मराठी वाचकाला या योजनेचे मर्म वेगळे सांगायला नको. पाडलेल्या जुन्या वस्तीतील शेजाऱ्यांना शक्यतो एकत्रच नव्या घरांत हलवण्याचा प्रयत्नही झाला.

इमारत पूर्ण होताच १९६८ च्या आरंभी गोल्डफिंगर पती-पत्नी सव्विसाव्या मजल्यावरील सदनिकेत दोन महिने भाडे भरून राहिले. रहिवाशांना मजल्यामजल्याने घरी बोलावून त्यांनी सोयी-गैरसोयी विचारल्या आणि अर्सुला यांनी नोंदी ठेवल्या. १४६ घरांना दोन लिफ्ट अपुऱ्या पडतात, हे स्वतः खोळंबल्यावर त्यांच्या लक्षात आले. पुढच्या इमारतीत त्यांनी तीन लिफ्टचा आग्रह धरला.

ट्रेलिक टॉवर : पश्चिम लंडनमधील नॉर्थ केन्झिंग्टन येथील ही इमारत ग्रेटर लंडन कौन्सिलसाठी बांधली गेली. बांधकाम १९६८ मध्ये सुरू झाले आणि १९७२ मध्ये ती खुली झाली. मजले ३१, उंची ९८ मीटर, सदनिका २१७. बॅलफ्रॉनमधील कल्पना येथे परिपक्व झाली. सेवा-मनोऱ्याच्या माथ्यावर पुढे झेपावणारी बॉयलरची खोली ही तिची ओळख. पाणी तापवण्याची यंत्रणा आणि टाक्या वर ठेवल्याने पाणी खाली आपसूक येई. घरांच्या आत बारकाई आहे: खिडक्या फिरत्या असल्याने बाहेरची काच आतून पुसता येते, दिव्यांची बटणे दाराच्या चौकटीत बसवून जागा वाचवली आहे, सज्जांना देवदाराच्या फळ्या आहेत.

ही इमारत वाईट वेळी उभी राहिली. १६ मे १९६८ रोजी लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीचा एक कोपरा वायूच्या स्फोटाने कोसळून चार जण मरण पावले. ती इमारत काँक्रीटच्या तयार फलकांची जुळणी करून बांधली होती आणि गोल्डफिंगर यांचे काँक्रीट जागेवरच ओतलेले होते. तरीही लोकांचा उंच इमारतींवरचा विश्वास उडाला तो उडालाच. १९७३ च्या तेलटंचाईने तेलावर चालणारे नवे बॉयलर निरुपयोगी ठरवले. दारावर पहारेकरी नव्हता. गॅलऱ्यांत आणि लिफ्टमध्ये नासधूस, अमली पदार्थ आणि मारहाणीचे प्रकार वाढले. वृत्तपत्रांनी इमारतीला दहशतीचा मनोरा ठरवले आणि दोष वास्तुविशारदाच्या माथी मारला. १९८४ मध्ये रहिवाशांची नवी संघटना झाली. तिच्या पाठपुराव्यामुळे प्रवेशद्वारावर इंटरकॉम आणि देखरेख करणारा माणूस आला, लिफ्टची दुरुस्ती झाली आणि काही वर्षांतच तेथील सदनिकांना मागणी येऊ लागली. खांब, गॅलऱ्या, खोल्या जशा होत्या तशाच राहिल्या. बदलली ती निगा. उंच इमारतीतले घर चांगले की वाईट हे केवळ उंचीवर ठरत नाही, हे या इमारतीच्या इतिहासाने दाखवले.

स्वभाव व सन्मान : गोल्डफिंगर उंचेपुरे, करड्या शिस्तीचे आणि तापट म्हणून ओळखले जात. इयन फ्लेमिंग यांनी १९५९ च्या जेम्स बाँड कादंबरीतील खलनायकाला त्यांचे आडनाव दिले. त्यांनी दाव्याची तयारी केली. प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले. १९७५ मध्ये ते रॉयल ॲकॅडमीचे सदस्य झाले. ट्रेलिक टॉवरच्या पायथ्याशी थाटलेल्या कार्यालयातून ते १९७७ मध्ये निवृत्त झाले. लंडन येथे त्यांचे निधन झाले. विलो रोडचे घर नॅशनल ट्रस्टने ताब्यात घेऊन १९९६ मध्ये लोकांसाठी खुले केले.

मूल्यमापन : उघड्या, खडबडीत काँक्रीटमुळे गोल्डफिंगर यांची गणना ब्रूटालिझम या प्रवाहात होते. मात्र त्यांच्या वास्तूंचे खरे बळ नकाशात आहे: दोन्ही बाजूंनी हवा खेळणारी घरे, आवाजापासून दूर ठेवलेल्या झोपण्याच्या खोल्या, शेजार टिकवणाऱ्या गॅलऱ्या. ट्रेलिकला १९९८ मध्ये आणि बॅलफ्रॉनला २०१५ मध्ये दुसऱ्या श्रेणीतील तारांकित वारसा वास्तूचा दर्जा मिळाला. मान मिळाला, तरी दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. नूतनीकरणासाठी बॅलफ्रॉनमधील भाडेकरूंना घरे सोडावी लागली आणि तेथील सदनिका खाजगी विक्रीसाठी काढण्यात आल्या. ज्या कुटुंबांसाठी ती बांधली, ती कुटुंबे तिच्यातून गेली; हे जतन अपुरेच म्हटले पाहिजे. ट्रेलिक टॉवरमधील बहुसंख्य घरांत मात्र आजही सार्वजनिक गृहनिर्माणाचे भाडेकरू राहतात.