नियम सांगा, मग प्रोग्रॅम लिहितो

१९९४चा सप्टेंबर. हिमायतनगरहून निघालेली मीटरगेज गाडी भोकर ओलांडून मुदखेडला लागते आणि तुम्ही पिशवी सावरत नांदेडच्या गाडीकडे धावता. पिशवीत औरंगाबादहून मिळवलेली संगणकशास्त्राची एमएस्सी आहे. गावातल्यांच्या लेखी तुम्ही टायपिंग शिकून आलात.

१७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं आहे. पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे. मार्कमेमोतली चूक दुरुस्त करायला किनवटच्या पोराला कालपर्यंत औरंगाबाद गाठावं लागायचं.

तुम्हाला परीक्षा विभागात एक टेबल मिळतं. नवा विद्यापीठ कायदा सांगतो की निकाल ३० दिवसांत लावा, फार तर ४५. तुमच्यासमोर मात्र हाती भरलेली लेजरं, लाल शाईच्या गोलात अडकलेले आकडे आणि खिडकीशी उभे एक काका. "साहेब, पोराचा निकाल राखीव कामून ठेवला? पोरगं रोज इचारते."

रात्री प्रोग्रॅम लिहायला बसता आणि पहिल्याच पानावर अडता. ग्रेस आधी द्यायचे की टक्केवारी आधी काढायची? ग्रेस घेऊन सुटलेल्याला श्रेणी मिळते का? एटीकेटीचा विषय दुसऱ्या वर्षी सुटला तर जुने गुण मोजायचे की नवे? सकाळी वरिष्ठ लिपिकांना विचारता. ते चष्मा कपाळावर ढकलून म्हणतात, "प्रकरण बघून करतो आपण." संगणकाला प्रकरण बघता येत नाही. मग तुम्ही अध्यादेशांची बाडं काढता. एका कलमाचे दोन अर्थ निघतात, दोन्ही अर्थांनी निकाल लागलेले असतात, आणि दोन्हींखाली सही एकाच अधिकाऱ्याची! तुमच्या पुढच्या सगळ्या नोकरीचं बीज इथे आहे. तुम्ही लेखी टिपण मागता, टिपण समितीपुढे जातं, समिती विद्या परिषदेकडे बोट दाखवते. प्रोग्रॅम लिहायला जितका वेळ लागला, त्याहून जास्त नियम काय आहे हे विद्यापीठाकडून वदवून घ्यायला लागतो. माझ्या मते संगणकवाल्याने विद्यापीठाला दिलेली खरी देणगी ही. यंत्रं काय, कुणीही निविदा काढून आणतो.

१ मे १९९९. परभणीतून हिंगोली वेगळी होते, जिल्ह्यांच्या यादीत एक ओळ वाढते. पाठोपाठ २००० साल येतं आणि वर्षाचे दोन आकडे चार करताना डोळे दुखतात. २००१मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन होते, लवकरच तिच्या एमएस-सीआयटी या संगणक साक्षरतेच्या अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्यांपर्यंत पोचतात, आणि गावातल्यांना तुमचा धंदा थोडाफार उमगतो.

२०१७. १९९४च्या कायद्याच्या जागी विद्यापीठांचा नवा कायदा १ मार्चपासून लागू झाला आहे. परीक्षा नियंत्रक हे पद जाऊन परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक असं लांबलचक नाव आलं आहे. त्याच उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठ सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका एकदम पडद्यावर तपासायला काढतं. निकालांची ३१ जुलैची मुदत टळते, ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागतं. नांदेडला लोक तुम्हाला विचारतात, सॉफ्टवेअर बिघडलं का? तुम्ही उलट विचारता, प्राध्यापकांना सराव कधी दिला? आधी एका विद्याशाखेवर का नाही करून पाहिलं?

२०२२चा मे. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा कार्यभार कारभारी काळे यांच्याकडे जातो. मूळचे ते औरंगाबादच्या विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक, लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचं कुलगुरुपद आधीच त्यांच्याकडे आहे. सुरेश गोसावी येईपर्यंत, म्हणजे जून २०२३पर्यंत, दोन्ही खुर्च्या एकाच माणसाकडे. तुमच्या विषयाचा माणूस तिथवर गेला याचा तुम्हाला आनंद होतो. दोन विद्यापीठांच्या फायलींचा विचार मनात येताच आनंद जरा आवरता घेता.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची बैठक. कुणीतरी क्रेडिट बँकेची महती सांगतंय: कधीही बाहेर पडा, कधीही परत या, क्रेडिट ७ वर्षं खात्यात. तुम्ही हात वर करता. "पहिल्या वर्षानंतर गेलेली मुलगी पाच वर्षांनी आली आणि मधे अभ्यासक्रम बदलला, तर तिचा राहिलेला पेपर कोणत्या अभ्यासक्रमाचा काढायचा?"

अध्यक्ष घड्याळ बघतात. उपसमिती नेमली जाते. निमंत्रक म्हणून तुमचं नाव लिहिलं जातं.