इन्फ्ल्यूएंझारोधी औषधी वनस्पतींची परीक्षणे
परंपरेने वापरात असलेल्या वनस्पतींचे अर्क इन्फ्ल्यूएंझा व्हायरसाची वाढ रोखतात काय, हे प्रयोगशाळेत पडताळून पाहण्याच्या पद्धती. १९१८ च्या साथीत भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज आहे. रोगकारक अज्ञात असल्याने त्यावर कोणतेही औषध पारखणे तेव्हा अशक्य होते. १९३३ मध्ये विल्सन स्मिथ, सी. एच. अँड्रूज व पी. पी. लेडलॉ यांनी लंडन येथे फेरेट या प्राण्याच्या साहाय्याने मानवी व्हायरस वेगळा केला. पुढे तो कोंबडीच्या भ्रूणयुक्त अंड्यांत वाढविता येऊ लागला. १९४१ मध्ये जी. के. हर्स्ट यांनी व्हायरसामुळे तांबड्या कोशिकांचे समूहन होते, हे दाखविले व त्याच्या मापनाची सोपी रीत उपलब्ध झाली. १९५२ मध्ये नॉटिंगहॅमच्या बूट्स कंपनीतील संशोधकांनी २८८ वनस्पती तपासल्या. त्यांपैकी १२ वनस्पतींनी अंड्यांतील ए प्रकारच्या व्हायरसाची वाढ रोखली.

अर्काने कोशिकाच मेल्या, तरीही व्हायरसाची वाढ थांबते. तसेच टॅनिने प्रथिनांशी सरसकट बद्ध होऊन फसवे परिणाम देतात. म्हणून कोशिकांना घातक व व्हायरसरोधक अशा दोन्ही मात्रांचे गुणोत्तर काढतात. अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळालेले ओसेल्टामिव्हिर हे चक्रीफुलातील शिकिमिक अम्लापासून बनविता येते. तथापि हे अम्ल केवळ कच्चा माल होय. चक्रीफुलाचा काढा त्या औषधाची जागा घेऊ शकत नाही. परीक्षानलिकेतील यश रुग्णांवरील नियंत्रित परीक्षणात टिकल्याखेरीज वनस्पतीस औषध म्हणता येत नाही.