टाकीतून सुटलेलं पाणी जातं कुठे? छोट्या शहरांचा नळ आणि डेटाचं गणित

‘स्मार्ट सिटी’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतात सीसीटीव्ही, मोठे स्क्रीन आणि कंट्रोल रूम. जून २०१५ मध्ये केंद्र सरकारने ही योजना सुरू केली. देशातली १०० शहरं त्यात निवडली गेली, त्यात महाराष्ट्रातली आठ होती. सिंधुदुर्गातलं एकही नव्हतं.

मग जामसंड्यासारख्या गावाला डेटा आणि तंत्रज्ञानाचा उपयोग काय? उत्तर आहे रोजच्या नळाच्या पाण्यात.

पाऊस एवढा, तरी टंचाई का?

सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण तो पडतो चार महिन्यांत, आणि कातळावरून वाहून समुद्राला मिळतो. एप्रिल-मे आला की विहिरी तळ गाठतात. नेमके याच दिवसांत चाकरमानी आणि पर्यटक येतात, आंब्याचा हंगामही ऐन भरात असतो.

देवगड आणि जामसंडे मिळून एकच नगरपंचायत आहे. वस्ती सड्यावर, उतारावर आणि खाली बंदराकडे अशी विखुरलेली. पाण्याच्या दृष्टीने हा चढउतार फार महत्त्वाचा असतो. दर १० मीटर उंचीला साधारण एक किलोचा दाब कमी होतो. म्हणजे टाकी तीच, पाइप तोच, तरी उतारावरच्या घरात नळ जोरात चालतो आणि चढावरच्या घरात करंगळीएवढी धार येते. अशा वेळी ‘पाणी सोडलं होतं’ हे नगरपंचायतीचं म्हणणं खरं असतं. ‘आमच्याकडे आलंच नाही’ हे चढावरच्या घराचं म्हणणंही तितकंच खरं असतं.

गळती शोधायची कशी?

नदीतून उचललेलं, शुद्ध केलेलं, पण ज्याचं बिल कुणाच्याच नावावर लागत नाही, अशा पाण्याला ‘बेहिशेबी पाणी’ म्हणतात. यात फुटलेले पाइप, चोरून घेतलेल्या जोडण्या आणि बंद पडलेले मीटर असं सगळं येतं. केंद्र सरकारच्या मानकांनुसार त्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर जाऊ नये.

एक हिशेब मांडून बघूया. समजा, एका टाकीतून दिवसाला १० लाख लिटर पाणी सुटलं आणि घरोघरच्या मीटरवर साडेसहा लाख लिटरची नोंद झाली. साडेतीन लाख लिटर बेहिशेबी. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी १३५ लिटर हे प्रमाण धरलं, तर हे पाणी सुमारे २,६०० माणसांना दिवसभर पुरलं असतं.

पण हा हिशेब मांडायला दोन्ही टोकांना मीटर लागतो: एक टाकीच्या तोंडाशी, दुसरा घराच्या नळाला. बहुतेक छोट्या शहरांची गाडी इथेच अडते.

मीटर असतील, तर पुढची युक्ती सोपी आहे. गावाचे छोटे झोन करायचे आणि प्रत्येक झोनच्या तोंडाशी मोठा मीटर बसवायचा. पाणी चोवीस तास चालू असेल, तर रात्री दोन ते चारच्या दरम्यान ते जवळपास कुणीच वापरत नाही. तरीही त्या वेळी मीटर फिरत राहिला, तर झोनमध्ये कुठेतरी गळती आहे. मग सगळं गाव खणायची गरज नाही, तेवढाच भाग तपासायचा.

हे प्रत्यक्षात झालंय का?

झालंय, आणि महाराष्ट्रातच. सातारा जिल्ह्यात कराडजवळचं मलकापूर. तिथे नगरपंचायत असताना, २००९ च्या सुमारास, महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने कोयनेच्या पाण्यावर चोवीस तास पाणीपुरवठा सुरू झाला. आधी सॉफ्टवेअरवर जाळ्याचं मॉडेल तयार केलं: कुठे किती उंची, किती दाब, कुठला पाइप किती जाडीचा. घरोघरी बसवलेल्या मीटरचं रीडिंग रेडिओ लहरींवरून घेता येत होतं, त्यासाठी दारात जायची गरज नव्हती. जास्त वापर, तर जास्त दर असा हिशेब लावला.

पाणी चोवीस तास दिलं तर उधळपट्टी वाढेल, अशी भीती अनेकांना वाटते. पण दिवसातून तासभर पाणी येणारं घर हंडे, कळशा, पिंप सगळं भरून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी ‘शिळं’ म्हणून त्यातलं बरंच ओतून देतं. शिवाय पाइप रिकामा पडला की भेगांमधून बाहेरचं घाण पाणी आत शिरू शकतं. दाब कायम असेल, तर हा धोका कमी होतो.

जगातलं गाजलेलं उदाहरण कंबोडियाच्या नॉम पेन्हचं. १९९३ मध्ये तिथलं बेहिशेबी पाणी ७२ टक्के होतं. मीटर, झोन आणि बिलवसुली या तिन्हीच्या जोरावर ते दोन दशकांच्या आत सहा टक्क्यांच्या आसपास आलं.

अडचण कुठे आहे?

तंत्रज्ञान स्वतः पाना हातात घेत नाही. सेन्सरने गळती दाखवली, पण फिटर पाठवायला माणूस नाही की बदलायला पाइप नाही, तर तो आकडा नुसताच स्क्रीनवर राहतो. कोकणात वीज आणि नेटवर्कचाही प्रश्न आहे, पावसाळ्यात तर जास्तच. मीटर म्हणजे बिल वाढणार, ही लोकांची भीतीही खोटी नाही. म्हणून गरजेपुरत्या पाण्याचा दर परवडणारा ठेवावा लागतो.

आणि एक माहिती कुठल्याच कॉम्प्युटरमध्ये नसते. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की कुठल्या वाडीत पाणी चढतं, हे वर्षानुवर्षं पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला तोंडपाठ असतं. तो निवृत्त झाला की गावाचा नकाशाच त्याच्याबरोबर जातो. ही माहिती नकाशावर उतरवणं, हा कुठल्याही छोट्या शहराचा पहिला आणि सगळ्यात स्वस्त ‘डेटा प्रोजेक्ट’ आहे.

नागरिक काय विचारू शकतात?

आपल्या नगरपंचायतीला तीन प्रश्न विचारता येतात. टाकीच्या तोंडाशी मीटर आहे का, आणि तो चालू आहे का? रोज किती पाणी सुटतं आणि किती पाण्याचं बिल होतं? पाइपलाइनचा अद्ययावत नकाशा आहे का? सरळ उत्तर मिळालं नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली साधा अर्ज करता येतो.

या तीन उत्तरांवरून, उन्हाळ्यात टँकर मागवण्याआधी आपल्याच पाइपातलं किती पाणी वाचवता येईल, ते कळू शकतं.